हार्डडिस्कलाही तुकडेबंदी लागू करा

गेल्या महिन्यात नवा कंप्युटर घेतला. हौस म्हणून नाही. जुना चांगला ठणठणीत होता, पण विंडोज टेनचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज अकरा काही त्या डब्यावर चढेना. प्रोसेसर म्हातारा झाला म्हणे. असो, तो संताप वेगळा.

तर कंप्युटर जुळवून देणारा मुलगा घरी आला. चुणचुणीत पोरगा. चहा प्यायला, पंखे-बिंखे बसवले, वायरी बांधल्या, पेनड्राईव्ह लावला आणि विंडोज टाकता टाकता सहज विचारलं,

"सर, चार करू ना?"

"काय चार?"

"पार्टिशन. सी, डी, ई, एफ. सारखे चार."

"एकच ठेव."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आमरसाला लसणाची फोडणी द्यायला सांगितली होती. "सर, सगळे चारच करतात." का करतात, विचारलं. "तसंच करतात." मग मीही हट्टाला पेटलो. एक टीबीची एसएसडी, तिचं एकच पार्टिशन. विंडोजमध्ये उघडून बघितलं तर ९३१ जीबी. (नातेवाईक मंडळी, दुकानदाराने फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. शेर आणि किलोतला फरक समजा आणि मला या विषयावर पुन्हा फोन करू नका.)

पोरगा गेला, पण बातमी कशी कोण जाणे सांगलीपर्यंत पोचली. संध्याकाळी दाजींचा फोन. "अरे, तू एवढा कंप्युटरातला माणूस, आणि एकच ड्राईव्ह? उद्या विंडोज उडालं म्हणजे? डीमध्ये ठेवलेलं वाचतं, एवढं आम्हालाही कळतं की."

दाजींना फोनवर उत्तर देणं शक्य नसतं, त्यांना मोठेपणाचा मान आहे. म्हणून इथे देतो. आणि हे उत्तर नुसतं दाजींना नाही. आपल्याकडे जो कोणी कंप्युटर घेतो तो डोळे मिटून त्याचे चार तुकडे करून घेतो आणि वर समजतो की आपण शिस्तीचे, सावध गृहस्थ आहोत. ही शिस्त नव्हे. ही भाबडी समजूत आहे आणि तिने आपल्याच घरात एक नुकसान केलेलं आहे. ते शेवटी सांगतो, कारण ते सांगायला मला पंधराहून अधिक वर्षं लागली आहेत.

पार्टिशन म्हणजे वाटणी. आपल्या लोकांना वाटणी काय असते हे सांगायला नको. वडिलोपार्जित चार एकर, चार भाऊ. प्रत्येकाला एक एकर, त्यातून बांधाला जागा जाते ती वेगळी, आणि विहीर नेमकी धाकट्याच्या तुकड्यात. मग थोरल्याचा ऊस वाळतो आणि धाकट्याच्या विहिरीत बेडूक पोहतात. याचा इतका वैताग झाला होता की जमिनीचे तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा आपल्या मुंबई इलाख्यात १९४७ सालीच आला. पुढे त्यालाही पळवाटा निघाल्या, पण निदान दुखणं काय आहे ते सरकारला कळलं होतं. भाऊ तरी भांडतात म्हणून वाटण्या होतात. फाइलींचं आपसात काय भांडण होतं?

कोणाचाही चार-पाच वर्षं वापरलेला कंप्युटर उघडून 'धिस पीसी' बघा. सीची पट्टी लाल. डीमध्ये थोडी जागा. ईमध्ये कोणीतरी २०१७ साली टाकलेले चार सिनेमे. एफ पूर्ण रिकामा. म्हणजे डिस्कवर जागा भरपूर आहे, आणि तरीही कंप्युटर जागा नाही म्हणून रडतोय. बरं, एफमधली जागा सीला द्यावी म्हटलं तर विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ते होत नाही. सी वाढवायचा तर त्याला लागून, लगेच उजवीकडे मोकळी जागा पाहिजे. मध्ये डी आणि ई ठाण मांडून बसलेले. विहीर धाकट्याकडे, म्हटलं ना!

मुळात दोष सीचा नाही. आपण काय साठवणार हे माहीत नसताना पहिल्याच दिवशी भिंती बांधल्या, तो दोष. सामान यायच्या आधी खोल्यांची मापं ठरवायची आणि मग सोफा दारातून जात नाही म्हणून सोफ्याला शिव्या द्यायच्या. आणि हा अंदाज केवळ आपलाच चुकतो असं नाही. विंडोज स्वतः काही छोटी पार्टिशनं करून ठेवतं, चालू होण्यासाठी आणि बिघडल्यावर दुरुस्तीसाठी. (म्हणजे माझं 'एकच' हेही खरं तर एक नाही. त्या छोट्यांना हात लावायचा नाही.) जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनसाठी सुरक्षेचं एक अपडेट काढलं. त्याला दुरुस्तीच्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती. पुष्कळ कंप्युटरांवर ती नव्हतीच. अपडेट फसायला लागलं आणि कंपनीने लोकांना सांगितलं की काळ्या खिडकीत कमांडा टाकून ते पार्टिशन स्वतःच मोठं करा. ज्यांनी विंडोज लिहिलं त्यांचा अंदाज २५० एमबीने चुकतो, तर पेठेतला पोरगा आपल्या पुढच्या सात वर्षांचं माप डोळ्यांनी कसं काढणार?

मग ही चारची चाल आली कुठून? उगाच नाही आली, तिच्यामागे कारण होतं. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीची, म्हणून हार्डडिस्क सीपासून सुरू. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीत हार्डडिस्क होती १० एमबीची. त्या काळच्या डॉसला ३२ एमबीपलीकडचं पार्टिशन पेलत नसे. डिस्का मोठ्या झाल्या तशा वाटण्या करणं भागच पडलं. पुढे ती मर्यादा वाढून दोन जीबी झाली, पण त्यात आणखी एक गंमत होती. एक ते दोन जीबीच्या पार्टिशनवर जागा ३२ केबीच्या ठोकळ्यांनी दिली जायची. तुमचं पत्र एक केबीचं असो, ते ठोकळा पूर्ण अडवणार. तेव्हा १९९७-९८ च्या सुमारास ज्याच्याकडे चार जीबीची डिस्क होती त्याला तिचे दोन-तीन तुकडे करावेच लागत, आणि जो लहान तुकडे करी त्याची जागा वाचे. तो शहाणपणाच होता. विंडोज ९५ च्या १९९६ मधल्या सुधारित आवृत्तीत फॅट-३२ आलं आणि ही अडचण सुटायला लागली. एक्सपीबरोबर एनटीएफएस घरोघरी आलं आणि सुटलीच. अडचण गेली, चाल राहिली. गणपती विसर्जन होऊन गेलं तरी मांडव रस्त्यातच.

आता दाजींचा हुकमी पत्ता. विंडोज उडालं तर?

हे मान्य, एक्सपीच्या दिवसांत विंडोज उडायचं. वर्षातून एकदा तरी. सगळे फॉरमॅट मारायचे, सी पुसायचा, डी राखायचा. मीही किती जणांच्या घरी जाऊन ते केलंय, आणि पोहे खाऊन आलोय. पण तेव्हासुद्धा डीमध्ये काय असायचं? गाणी आणि सिनेमे. माणूस जे रोज करतो ते डेस्कटॉपवर आणि माय डॉक्युमेंट्समध्ये, आणि ही दोन्ही ठिकाणं, तुम्ही हाताने हलवली नसतील तर, सीमध्येच असतात. 'सगळं डीला आहे' म्हणणाऱ्या किती जणांचे चेहरे फॉरमॅटनंतर उतरलेले मी पाहिलेत. मुलीच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवर होते हो!

शिवाय विंडोज टाकताना समोर जी यादी येते तिच्यात सी, डी अशी अक्षरं नसतात. 'ड्राईव्ह शून्य, पार्टिशन तीन' असं काहीतरी असतं. आमच्या शेजाऱ्यांकडे आलेल्या एका जाणकाराने नेमकं दुसरंच पार्टिशन उडवलं. वहिनींच्या शिकवणीच्या नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. एकच पार्टिशन असतं तर तो निदान घाबरून आधी विचारता झाला असता. चार होती म्हणून त्याला खात्री होती.

आजचं विंडोज बिघडलं तर 'माझ्या फाइली ठेव' म्हणून ते पुन्हा बसवता येतं, हाही भाग आहेच. आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे जे व्हायरस असतात ते सी-डी असा भेदभाव करत नाहीत. दिसेल ते अक्षर धरतात.

लिनक्सवाल्यांनो, दगड खाली ठेवा. तुमच्यासाठी नाही हे. एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायच्या तर वाटणी करावीच लागते. तुम्ही घरच्या फाइलींना वेगळं पार्टिशन देता तेही विचार करून देता, कारण तुम्ही दर सहा महिन्यांनी हौसेने सगळं पुसता. ज्याला का ते सांगता येतं त्याने खुशाल दहा करावीत. माझं भांडण 'तसंच करतात'शी आहे.

पण हे सगळं गैरसोयीचं झालं. गैरसोयीवर एवढा मजकूर मी लिहिला नसता. खरा घात वेगळाच आहे. पार्टिशन बघून माणसाला वाटतं की आपल्याकडे चार डिस्का आहेत. चार अक्षरं, चार पट्ट्या, चार वेगळी चित्रं. प्रत्यक्षात ती एकच वस्तू. फिरत्या डिस्कच्या काळात आत चकत्या, त्यांना फिरवणारी एक मोटर, सगळी डोकी एकत्र धरणारी एक भुजा आणि खाली एक सर्किट. वाटणी म्हणजे काय, तर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या कप्प्यात ६४ बाइटांचा एक तक्ता, त्यात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी. हा तुकडा इथून सुरू, इतका लांब. झालं. एवढीच ती भिंत. हल्लीच्या डिस्कांवर तक्ता मोठा आहे, दुसरी प्रतही असते, पण शेवटी तक्ताच. सातबाऱ्यावर रेघ मारली म्हणून गारपीट बांधावर थांबत नाही. एसएसडीत तर डी कुठे आहे म्हणून बोटही दाखवता येत नाही. आतला कंट्रोलर सगळ्या चिपा सारख्या झिजाव्यात म्हणून तुमच्या फाइली हव्या तिथे विखरून ठेवतो. सीतलं पत्र आणि ईतली त्याची प्रत एकाच चिपेत शेजारी शेजारी असू शकतात.

आणि या एका वस्तूवर डीची प्रत ईवर ठेवून माणूस शांत झोपतो.

मी झोपलो होतो.

आता काकांबद्दल. कुलवृत्तांताचं काम आपल्या काकांनी निवृत्त झाल्यावर हातात घेतलं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. शेकडो कार्डं टाकली, कोकणात देवळांच्या पुजाऱ्यांकडे जाऊन बसले, कोण कुठून निघून कुठे गेलं ते वह्यांत उतरवलं. २००३ पासून स्वतः टायपिंग शिकून कंप्युटरवर घेऊ लागले. दोन बोटांनी. २००८ च्या दिवाळीत त्यांनी मला कंप्युटर 'नीट लावून दे' म्हणून दिला. १६० जीबीची डिस्क होती. मी अगदी ऐटीत तिचे चार तुकडे केले. सी विंडोजला. डी कुलवृत्तांताला. ई बॅकअपला. एफ फोटोंना. एक छोटी बॅच फाइल लिहून दिली, रविवारी तिच्यावर दोनदा टिचकी मारली की डी जसाच्या तसा ईवर. काका खूश. दर रविवारी आंघोळ, पूजा आणि टिचकी, या क्रमाने.

तेव्हाच त्यांनी मला विचारलं होतं, "दुसरी डिस्क घेऊ का रे एखादी? बाहेरून लावायची मिळते म्हणतात."

साडेतीन-चार हजारांचा प्रश्न होता. मी म्हणालो, "कशाला काका, ई आहे की."

ऑगस्ट २००९ मध्ये डिस्क टक्-टक् करायला लागली. दोन दिवसांनी तेही बंद झालं. चारही अक्षरं एकाच वेळी गेली. डेटा काढून देणाऱ्या एका ठिकाणी दाखवली, त्यांनी पंचवीस हजार सांगितले आणि मिळेलच असं नाही म्हणाले. आतला मुलामाच खरवडला गेला होता. काकांनी अधूनमधून सीड्याही जाळल्या होत्या. त्यातली वाचली गेलेली शेवटची २००५ ची. त्यानंतरच्या चार वर्षांत काकांनी घरातल्या अकरा वृद्धांशी बोलून जे टिपून ठेवलं होतं, ते वहीतसुद्धा नव्हतं. कारण 'आता थेट कंप्युटरवरच घेत जा, दुहेरी काम कशाला' हा सल्लाही माझाच.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की लोडशेडिंगने डिस्क गेली. तेव्हा सगळं लोडशेडिंगनेच जात होतं, कोणी खोलात शिरलं नाही. वीज गेली-आली असेल, नाही म्हणत नाही. पण डिस्क जातेच. आज ना उद्या प्रत्येक डिस्क जाते. वृत्तांत गेला तो मी ईला दुसरी डिस्क समजलो म्हणून. काका एवढंच म्हणाले, "जाऊ दे, पुन्हा लिहू." २०११ मध्ये ते गेले. पुन्हा लिहिणं झालं नाही. त्या अकरांपैकी आज कोणीही नाही.

ताई, तुला आज हे पहिल्यांदाच कळतंय. दाजींनाही. फोनवर का बोललो नाही ते आता लक्षात येईल.

हे सगळं आत्ताच उकरून काढायचं कारण म्हणजे भाची. तिने वृत्तांताचं काम पुन्हा सुरू केलंय. आतापर्यंत एकोणीसशे स्कॅन, पत्रं, मोडीतली चार खतं, लग्नाच्या पत्रिका, आणि गावोगावच्या आज्ज्यांचं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं बोलणं. ते सगळं नव्या कंप्युटरवर माझ्याकडे आलंय. "मामा, फोटो डीमध्ये, ऑडिओ ईमध्ये टाकू ना?" असं तिने विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तुकड्यांचा रोग अक्षरांवर थांबत नाही, तो फोल्डरांतही उतरतो.

फोटो एकीकडे, आवाज दुसरीकडे, टायपिंग तिसरीकडे. फाइलीच्या जातीप्रमाणे लावलेलं हे घर दिसायला फार टापटीप. पण दापोलीच्या आजींचा फोटो, त्यांचं बोलणं आणि त्यांनी दिलेलं पत्र ही एकाच बाईची तीन रूपं आहेत. त्यांची ताटातूट केली तर दहा वर्षांनी त्या फोटोतली बाई कोण, हे सांगणारा आवाज कुठल्या फोल्डरात आहे ते कोण शोधणार? तेव्हा माणसागणिक फोल्डर. त्यात सगळं. नावाची सुरुवात तारखेने, आधी साल, मग महिना, मग दिवस. म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. 'न्यू फोल्डर तीन', 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' हे प्रकार माझ्या घरात चालणार नाहीत, भाचीलाही सांगून ठेवलंय.

नावं देवनागरीत ठेवा, जरूर ठेवा, पण आटोपशीर. भाचीने एका फाइलीला लग्नपत्रिकेएवढं नाव दिलं होतं. विंडोजने ते निमूटपणे घेतलं. प्रत करायला माझ्या लिनक्सच्या जुन्या डब्यावर पाठवली तर तो अडला. तिथे नावाला २५५ बाइटांची मर्यादा, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे झाली ८५ चिन्हं. तीही आपण मोजतो तशी नव्हेत. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण कंप्युटर मोजतो चार: क, हलन्त, ष आणि वेलांटी. बालमित्रांच्या नावात दोन-तीन जोडाक्षरं असली की संपलं.

काकांची २००५ ची जी सीडी वाचली, तिची वेगळीच कथा. फाइल उघडते, पण पडद्यावर मराठी नाही. युरोपातल्या भाषांची टोप्या घातलेली अक्षरं आणि तिरक्या रेघा. युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये काकांनी ते टाइप केलं होतं. तो फॉन्ट कंप्युटरवर असेल तरच ते मराठी, नाहीतर कालवा. बऱ्याच खटाटोपानंतर फॉन्ट ओळखता आला आणि रूपांतर करून घेतलं. रफार सगळे भलत्या अक्षरांवर बसलेत, ते हाताने उचलून जागेवर ठेवतोय. रोज चार पानं होतात. कोणाकडे जुन्या फॉन्टातलं काही पडलं असेल तर ते आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या, आणि मूळ फाइलीबरोबर तो फॉन्टही जपून ठेवा.

आणि पार्टिशनसाठी वापरायची ती अक्कल प्रतींसाठी वापरा. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा हिशेब आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. यातली घराबाहेरची प्रत आपल्या लोकांना पटत नाही. घर असताना बाहेर कशाला? ताईला विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हा तिचा तळमजला बुडाला. कंप्युटर टेबलावर होता आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन वेगळ्या डिस्का, दोन वेगळ्या वस्तू, पण पाणी एकच. तेव्हा आता असं ठरलंय: माझ्याकडची एक प्रत ताईकडे, पण दुसऱ्या मजल्यावर, आणि तिची माझ्याकडे. कपाटात पडून राहायच्या या प्रती जुन्या फिरत्या पद्धतीच्या डिस्कवर. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, वर्षानुवर्षं विजेवाचून पडून राहिली तर तो ओसरू शकतो. दर सहा महिन्यांनी डिस्क लावून त्यातल्या पाच-दहा फाइली उघडून बघायच्या, नुसती यादी नाही. काकांच्या सीड्यांची यादीसुद्धा दिसत होती.

एक राहिलं. नव्या विंडोज अकरामध्ये डिस्क बऱ्याचदा न सांगताच कुलूपबंद केलेली असते. चांगलं आहे ते, चोराला काही मिळत नाही. पण कंप्युटर बिघडून डिस्क काढायची वेळ आली तर तुम्हीही चोरच. त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर लिहून घ्या. मी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिली होती, मग लक्षात आलं की पाडव्याला पंचांग बदलतं. आता शिधापत्रिकेच्या पाकिटात आहे.

गेल्या रविवारी ताई आणि दाजी आले होते. वरचं सगळं तेव्हा लिहून झालेलं नव्हतं. जेवणानंतर दाजींनी हळूच पिशवीतून लॅपटॉप काढला. "फार हळू चालतोय, जरा बघ." उघडला. चार पार्टिशनं. सीमध्ये तीन जीबी शिल्लक, पट्टी लालभडक. एफ पूर्ण रिकामा.

मी काही बोललो नाही. ताई बोलली. आधी डी आणि ई रिकामे करायला घेतले, ते बाहेरच्या डिस्कवर उतरेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. दाजी सोफ्यावरच झोपले होते.